तोर्झोकसाठी टिपणं

हॅलिफॅक्स
३ मे २००९

प्रिय नीरू,

रविवारी फोनवरच सांगणार होते, पण तिकडून गुरुदत्तनं दुसरा फोन उचलून हवामानाचं सुरू केलं आणि राहून गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं. सत्तावन्न वर्षांची झाले तरी काही गोष्टी तुला तोंडानं सांगायची मला अजून भीती वाटते. आणि ई-मेलमधलं इंग्रजी अक्षरांतलं मराठी तुला वाचवत नाही, म्हणून हे पत्र.

जूनमध्ये नंदनची मॉस्कोला परिषद आहे आणि मी बरोबर चाललेय. तो तिथे भाषणं ऐकत बसेल तेव्हा मी दोन दिवस तोर्झोकला जाणार आहे. होय, तेच तोर्झोक. ल्युदाचं गाव.

नंदनच्या ओळखीच्या एका रशियन प्राध्यापकांना मी ल्युदाचा जुना पत्ता दिला होता. आठवड्यात सापडली! गाव इतकं लहान की त्यांनी तिथल्या शाळेत सहज चौकशी केली, तर ती त्याच शाळेत इंग्रजी शिकवते. परवा तिचा फोन आला. 'जयंती?' एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पस्तीस वर्षांनी गं! मग मीही रडले. ईशिता किचनमधून विचारतेय, 'आई, हू डाइड?'

आता खरी अडचण. आठ वर्षं तिला पत्रं गेली माझ्या नावानं, पण लिहिलीस तू. मी फक्त खाली सही करायची आणि तिची पत्रं आली की तिकिटं कापून घेऊन पत्र तुझ्या हाती द्यायची. ती आता जुन्या गोष्टी काढणार, आणि मी बघत राहणार. तेव्हा तू मला टिपणं पाठव. इतिहासाच्या पेपरला पाठवायचीस तशी, एका पानात, महत्त्वाचं तेवढंच. तिच्या घरी कोण कोण, तिला काय आवडायचं, आपण काय काय लिहिलं होतं.

पाठवशील ना? रागावू नकोस.

तुझी,
जयू


कोक्विटलाम
१४ मे २००९

प्रिय जयू,

तुझं पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मी बाहेर जाऊन ड्राइव्हवे झाडला. पाऊस पडत होता. गुरुदत्त दारात येऊन म्हणाला, 'पावसात काय झाडून राहिलीस?'

रागावू नकोस म्हणतेस. रागावले नाही. जळतेय. सरळ लिहिते, म्हणजे तुला ओळींच्या मधलं वाचत बसायला नको. मी इथे पोळ्या लाटतेय, शेजारच्या सरे गावातल्या दुकानातून कढीपत्ता आणतेय आणि तू ल्युदाला भेटायला चालली आहेस. माझ्या ल्युदाला.

तू सोयीचं तेवढं लक्षात ठेवतेस, म्हणून आठवण करून देते. नववीत मृणालिनीबाईंनी रशियातल्या मुलामुलींचे पत्ते आणले, पत्रमैत्रीसाठी. चिठ्ठ्या टाकल्या. तुला आली ल्युदमिला, तोर्झोक. मला आला व्हिक्टर, मिन्स्क. घरी दाखवला तर आत्या म्हणाली, 'रशियातला असला तरी मुलगा तो मुलगाच,' आणि चिठ्ठी चुलीत घातली. तू तुझी चिठ्ठी भूगोलाच्या वहीत खूण म्हणून घातली होतीस. तुला इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हणजे ताप यायचा. मी म्हटलं, मला दे, मी लिहिते. तू म्हणालीस, पण नाव माझं. मी कबूल केलं, चौदा वर्षांची होते. पुढे तुझं लग्न झालं, माझ्या कितीतरी आधी तू इकडे कॅनडाला आलीस, तुझ्या घरचा पत्ता गेला आणि माझी मैत्रीणही गेली. तिचं शेवटचं पत्र तुझ्या वडिलांनी मला दिलं. त्यात तिनं विचारलं होतं, जयंती, तू मला लग्नाला का बोलावलं नाहीस? त्याला मी कुठल्या नावानं उत्तर देणार होते?

आणि आता तू माझ्याकडे टिपणं मागतेस. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणं म्हणतात ते हेच.

मला एकच हवंय जयू. तिला खरं सांग. माझं नाव सांग. तिथे बसून, तिच्या डोळ्यांत बघून सांग की ती पत्रं नीरजानं लिहिली. एवढं कर, बाकी सगळी मिठी, चहा, केक तुझा.

घे टिपणं. आई सोनेरी भरतकामाच्या कारखान्यात होती, मखमलीवर जरीचं काम, डोळे अधू झाले होते. वडील दुधाचा ट्रक चालवायचे. मांजर मुर्का. ल्युदा बदकांना भीत नाही पण हंसांना भिते, एकानं तिच्या पोटरीला धरलं होतं. कोबी भरून भाजलेला पाई तिचा आवडता. आपण तिला चिंच पाठवली होती, ती तिला साबण वाटली. भाऊ कोल्या, तिच्याहून दहा वर्षांनी लहान, नाकावर ठिपके. त्यानं विचारलं होतं, तुमच्या शाळेत हत्ती येतात का, आणि मी तुझ्या नावानं लिहिलं होतं, शनिवारी येतात. तिचा सगळा जीव त्याच्यात. कोल्याची चौकशी जरूर कर.

झालं एक पान.

नीरजा


कोक्विटलाम
६ जून २००९

प्रिय जयू,

तू काल निघालीस. हे पत्र तू परत येशील तेव्हाच तुझ्या हाती पडेल हे मला माहीत आहे, तरी लिहितेय.

कोल्या १९७१ च्या मार्चमध्ये गेला. नदीवरचा बर्फ पातळ झाला होता, त्यातून खाली गेला. नऊ वर्षांचा होता. ल्युदानं तसं कळवलं होतं आणि मी तिला उत्तर लिहिलं होतं.

टिपणं लिहिताना मला हे आठवत होतं. हत्तीचं लिहून झालं, पेन थांबलं, आणि मी मुद्दाम 'जरूर' लिहिलं. म्हटलं, विचार तू. तुझी फजिती होऊ दे. एकदा तरी तिला कळू दे की तू ती नव्हेस.

मग चोवीस तारखेला फोनवर तू म्हणालीस, 'नीरू, आता या वयात तिला खरं सांगून कशाला गोंधळात टाकायचं? एवढं एक माझ्याकडे राहू दे.' मी बरं म्हटलं. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तू तसं म्हटल्यावर तर मुळीच सांगावंसं वाटलं नाही.

आज सकाळी तुला फोन लावला तर मशीनवर नंदनचा आवाज. मशीनला असलं काही सांगता येत नाही.

मनातून सारखं म्हणतेय, तू विसरशील. तू नेहमी अर्धी टिपणं विसरायचीस.

नीरू


तोर्झोक
१६ जून २००९

प्रिय नीरू,

हे इथल्याच पोस्टात टाकतेय. तुला मिळायच्या आधी बहुधा मीच घरी पोचेन. पण लिहायचं तर इथूनच, असं वाटलं.

मॉस्कोहून त्वेरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. बसमधल्या बायका मांडीवर टोमॅटोच्या रोपांची खोकी घेऊन बसल्या होत्या. गाव इतकं शांत की बस थांबली तेव्हा मला वाटलं, माझेच कान बंद झाले. त्वेर्त्सा नदी आहे, संथ. दोन्ही काठांना गवताचे उतार, वर मठाची पांढरी भिंत. लाकडी घरांच्या खिडक्यांना कोरलेल्या चौकटी, त्यातली काही घरं एका बाजूला कललेली, तरी आत पडदे स्वच्छ. सध्या पोपलरच्या झाडांचा कापूस उडतोय, रस्त्याच्या कडेला ढीग साचलेत. हॅलिफॅक्समध्ये असते तर सवयीनं बर्फासारखं शोव्हल करायला घेतलं असतं. घाईत कुणीही नाही. पावाच्या दुकानातल्या बाईनं आधी माझी साडी काठापासून पदरापर्यंत बघून घेतली, मग पाव दिला.

ल्युदा ठेंगणी आहे, केस तांबूस रंगवलेले. मला बघितलं आणि धावत आली. घरी टेबल मांडलं होतं, शेपू घातलेले बटाटे, कोबीचा पाई, जॅम. मला म्हणाली, 'मी इंग्रजी शिकवते ते तुझ्यामुळे. तुझी पत्रं वाचायला म्हणून शिकले.' नीरू, दुसरीच्या लग्नात आपल्याला बोहल्यावर उभं केल्यासारखं वाटलं मला. तरी खाली उतरले नाही. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं. नंदनच्या मागे मागे पस्तीस वर्षं हिंडतेय, पण माझ्यासाठीच म्हणून कुणी टेबल मांडलं असं आठवत नाही.

टिपणं चोख पाठ केली होती. मुर्का, हंस, साबण. प्रत्येक वेळी ती टाळ्या वाजवायची. मग मी म्हटलं, 'आणि आपला कोल्या? आता तर केवढा मोठा झाला असेल!'

तिनं किटली खाली ठेवली. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. दोनदा विचारलं गं मी.

मग ती म्हणाली, 'जयंती, कोल्या गेला तेव्हा तू मला चार पानं लिहिली होतीस.' ओरडली असती तरी चाललं असतं. लगेच पुढे तिनं विचारलं, 'कोणी लिहिली होती?'

मी सांगितलं. सगळं, चिठ्ठ्यांपासून. ती म्हणाली, 'नीरजा? ती नीरजा?' आतून एक पत्र्याचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. एकसष्ट पत्रं. मी डबा घेऊन नदीकाठच्या बाकावर गेले आणि दुपारभर वाचत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी 'माझी' पत्रं वाचली.

काय काय लिहून ठेवलंयस! 'माझी मैत्रीण नीरजा नेहमी पहिली येते. तिचे केस गुडघ्यापर्यंत आहेत. ती गाते तेव्हा शेजारी खिडकीत येतात.' कधी आले होते गं? आणि माझ्याबद्दल काय, तर 'मी आळशी आहे आणि मला चिंचा आवडतात.' सगळ्या पत्रांत मी चिंचाच खातेय. ल्युदा म्हणाली, 'मला त्या नीरजाचा फार मत्सर वाटायचा. तुझं पत्र मला दीड महिन्यानं यायचं, आणि तिला तू रोज.'

मग कोल्याचं पत्र. एप्रिलचं आहे, आपल्या बी.एस्सी.च्या परीक्षेचे दिवस. आता आठवलं, तू घडी घातलेली पानं माझ्यापुढे धरलीस, खालची रिकामी जागा दाखवलीस, आणि मी वाचल्याशिवाय सही केली.

त्यात तू तुझ्या आईचं लिहिलंयस. आई गेल्यावर तू वर्षभर सकाळी फणी घेऊन तिच्या पाटाकडे पाठ करून बसायचीस, कुणी येणार नाही हे ठाऊक असताना. नीरू, मला तू सांगितलं होतंस की आत्याचा हात जड आहे म्हणून तुझ्या वेण्या मी शाळेत घालायच्या. आणि पुढे माझ्या तोंडी लिहिलंयस, 'आता तिच्या वेण्या मी घालते. मला वाटतं, माझे हात तिला तिच्या आईसारखे वाटतात.' हे तू तोर्झोकला कळवलंस, आणि मी तुझ्या पुढच्या बाकावर बसायची. मला ल्युदाचा हेवा वाटला. इतका की मी ते पान लगेच घडी करून ठेवलं.

कोल्याचं तू विसरलीस यात नवल नाही, अडतीस वर्षं झाली. मी रागावलेले नाही.

हे बसस्टँडवर पुरं करतेय. ल्युदा इथपर्यंत आली होती. डबा तिनं माझ्या हातात दिला, म्हणाली, 'ज्यांची आहेत त्यांना देऊन टाक.' केवढं मोठं मन बघ! बस येईपर्यंत थांबली नाही, बागेला पाणी घालायचं होतं म्हणे. माझ्यासाठी कागदात बांधून ठेवलेलं काहीतरी टेबलावर होतं, ते द्यायचं मात्र ती विसरली.

तुझी,
जयू


हॅलिफॅक्स
२८ जून २००९

नीरजा,

घरी आले. शेजारच्या सीमानं टपाल डायनिंग टेबलावर रचून ठेवलं होतं. जाहिरातींचे फ्लायर्स, विजेचं बिल, तुझं सहा जूनचं पत्र.

तोर्झोकहून लिहिलेलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. त्यात मी लिहिलंय की तू विसरलीस आणि मी रागावलेले नाही. ते मिळालं की ती दोन वाक्यं खोडून टाक.

नंदनचा ई-मेल तुझ्याकडे आहे. दिवाळीला आकाशकंदिलाचा फोटो पाठवतेस त्याला. दोन ओळी टाकल्या असत्यास तर मॉस्कोच्या हॉटेलात मला मिळाल्या असत्या. इंग्रजी अक्षरांत लिहिल्या असत्यास तरी मी वाचल्या असत्या. तू पत्र टाकलंस, आणि तेही मी विमानात बसल्यावर.

माझी फजिती करायची होती ना तुला? माझी झाली. एक वेळ ते चाललंही असतं, मी तुझं पुष्कळ फुकट घेतलंय. पण त्या बाईनं काय केलं होतं? तिला तिच्याच टेबलाशी बसून, तिचा पाई खात, मी दोनदा विचारलं की तुझा मेलेला भाऊ केवढा झाला. ते शब्द तू मला पाठ करायला दिलेस.

डबा पाठवतेय. त्यात साठ पत्रं आहेत. एकसष्टावं मी ठेवलंय. कुठलं ते तुला कळेल. सही माझी आहे.

रविवारी फोन करू नकोस.

जयंती


कोक्विटलाम
२२ जुलै २००९

प्रिय जयू,

तीन रविवार फोनजवळून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. निहार म्हणतो, 'मॉम, जस्ट कॉल हर.' त्याला वाटतं, दोन मैत्रिणींत असं काय असणार.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. ई-मेलचंही. त्या दिवशी कॉम्प्युटरसमोर बसले होते, नंदनचं नाव काढलं होतं, आणि उठले. तुझं पडणं बघायचं होतं मला, इतकं साधं आणि इतकं वाईट. क्षमा मागते. नुसता शब्द आहे, पण दुसरा माझ्याकडे नाही.

डबा आधी आला, तोर्झोकचं पत्र परवा पोचलं. तुझी ती दोन वाक्यं खोडली. खोडायच्या आधी वाचलीही.

शेजारी खिडकीत यायचे जयू. ओरडायला.

आणि वेण्यांचं म्हणशील, तर तुझे हात आईसारखे मुळीच नव्हते. तू फार ओढायचीस, भांग कायम वाकडा. पण रोज घालायचीस, विचारल्याशिवाय. ते तुला सांगायला मला रशिया गाठावा लागला, आणि तेही तुझ्याच तोंडून बोलावं लागलं. मी तुझ्यावर जळत आले ती काही आजची नाही. तुझी आई होती. तुझ्या घरी पोस्टमन यायचा. तुला कुणी चिठ्ठी चुलीत घालणारं नव्हतं. तुझ्या नावानं लिहिताना रविवारचा एक तास मी तू व्हायची.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, केवढं मोठं मन. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. किटली ठेवली, बाकावर तुला एकटीला जाऊ दिलं, बस यायच्या आधी निघून गेली, बांधून ठेवलेली भेट दिली नाही. अडतीस वर्षं जपलेलं पत्र कुणी मन मोठं आहे म्हणून देऊन टाकतं का? मोडलेल्या लग्नात दागिने परत करतात तसा तिनं डबा परत केला. म्हणाली काय, ज्यांची आहेत त्यांना दे. तिची राहिली नाहीत, असं म्हणाली ती.

म्हणून डबा तिच्याकडे परत गेला पाहिजे. मी तीनदा पोस्टात घेऊन गेले आणि तीनदा घरी आणला. माझा माझ्यावर भरवसा नाही. त्यामुळे तुला पाठवतेय. तू त्यात एकसष्टावं घाल. त्याच्यावाचून नुसता डबा गेला तर त्याला काही अर्थ नाही. मला ठाऊक आहे, ते तुला का हवंय. मलाही हवंय. पण ते कोल्याचं आहे.

डब्यात वर माझं ल्युदाला लिहिलेलं पत्र आहे. माझ्या नावानं पहिलंच. सही करताना हात सवयीनं थांबला, तुझ्यासाठी जागा सोडून. त्यात मी सगळं लिहिलंय, 'जरूर' सुद्धा. कोल्याचं जयंतीला माहीत नव्हतं, मला होतं, असं लिहिलंय. पाकीट उघडंच ठेवलंय. पटलं तर खाली सही कर. पण या वेळी वाचून कर.

तुझी,
नीरू


हॅलिफॅक्स
९ ऑगस्ट २००९

प्रिय नीरू,

डबा मंगळवारी आला. तुझं पत्र त्याच दिवशी वाचलं आणि तीन दिवस तुझा राग राग केला, कारण पत्र चांगलं आहे. चोरी कबूल करतानासुद्धा तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं असावं, हे काही बरोबर नाही. एका ठिकाणी मात्र तू लिहिलंयस की जयंती भोळी आहे. ते मी खोडलं. मी भोळी नव्हते, आळशी होते. ती वाचत नसे, असं मी वर लिहिलंय, माझ्या अक्षरात. मार्चमध्ये तिनं कोल्याचं कळवलं ते पाकीट माझ्याच हातातून तुझ्याकडे गेलं होतं. मी त्यावरचं तिकीट कापून घेतलं होतं.

मग सही केली. तुझ्या खाली. आधी सगळं वाचून.

एकसष्टावं काढायला चार दिवस लागले. देवघराच्या खणात ठेवलं होतं. नंदन म्हणाला, 'फोटोकॉपी करून ठेव ना.' लायब्ररीत गेलेही होते. मशीनवर पान उलटं ठेवलं, झाकण लावलं, आणि नको वाटलं. तसंच घडी घालून डब्यात ठेवलं, सगळ्यांत वर. वेण्यांची ओळ मला पाठ आहे.

काल औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर फॉर्म भरला. मुलीनं विचारलं, आत काय आहे? म्हटलं, पत्रं. ती म्हणाली, एवढी? पाठवणाऱ्याच्या नावापाशी मी अडले. माझ्यामागे चार माणसं उभी, आणि मी पेन धरून तशीच. ल्युदाचं उत्तर आलं तर त्या पत्त्यावर येणार, आणि ते पाकीट माझ्या दारात पडावं असं मला फार वाटत होतं गं. अजून वाटतंय.

तुझा पत्ता घातला. नीरजा, कोक्विटलाम.

उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन कर, रविवारची वाट बघू नकोस. रागानं लिहिलेलं असलं तरी कर. आणि या वेळी टिपणं नकोत. सगळं वाचून दाखव, पहिल्यापासून. एकही ओळ गाळू नकोस.

तुझी,
जयू